बाईंचा शेला

शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या मुलींच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या त्या बाई दाल बाजारातून पायी येत. टांगेवाल्यानं कितीही हाका मारल्या तरी थांबत नसत. बोलणं "बस!" म्हणून संपवायची त्यांना सवय होती. "उत्तर चुकलं तर पुन्हा करायचं, रडायचं नाही. बस!" मुली त्यांना घाबरत आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासोबत शिकवणारी मीही.

वार्षिक समारंभात सेक्रेटरीसाहेब आधी कॉलेजचा अहवाल वाचत, मग चांगलं काम करणाऱ्यांचा सत्कार होई. पुरुषांना शेला आणि बायकांची ओटी, असा रिवाज. त्या वर्षी बाईंच्या सगळ्या मुली पास झाल्या होत्या. साहेबांनी त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं आणि ओटीचं ताट धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून हातातला कागद खाली केला. बाई विधवा होत्या. त्यांचं कपाळ रोज बघूनही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पुढच्या वेळी काहीतरी बघू," साहेब पुटपुटले.

बाई तोवर व्यासपीठावर पोचल्या होत्या. "पुढच्या वेळी कशाला? शेला आहे ना? तोच द्या. बस!"

साहेबांनी दिला. आम्हा मोठ्यांना टाळ्या सुचल्या नाहीत. मागून मुलींनीच सुरू केल्या.

दुसऱ्या दिवशी बाहेर उन्हाळ्यातली भाजून काढणारी लू चालली होती आणि बाई तोच जरीचा शेला पांघरून वर्गाकडे निघाल्या होत्या. मी बघतच राहिले, तशा म्हणाल्या, "थंडी वाजते मला. बस!"