फुकट बसणाऱ्यांची गाडी

रोही, म्हणजे नीलगाईचा नर, तुरीतून निघाला आणि सरळ आमच्या बॉनेटवर आला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तूर त्याच्या उंचीची होती, रस्ता त्याच्या वाटेत होता आणि सकाळचं धुकं त्यालाही होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ब्रेक दाबला, गाडी डावीकडे ओढली आणि आम्ही नालीत उतरून एका बाभळीला जाऊन भिडलो. रोही उठला, अंग झटकलं आणि पलीकडच्या कपाशीतून निघून गेला. आमची गाडी काही उठली नाही.

गाडीत चौघं होतो. अण्णा चालवत होते, मी त्यांच्या शेजारी. मागे माझे काका आणि त्यांच्या बाजूला अक्का. अक्का आमच्या नात्यातली नाही. सारं गाव तिला अक्का म्हणतं. गावाबाहेर तिचं घर आहे, शेळ्या आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे काळा चष्मा लावून ती जालन्याला तपासणीला निघाली होती. कुणाला फार लागलं नव्हतं. काकांना कपाळावर टेंगूळ आलं आणि त्यांनी त्याचा आवाज बराच केला.

सगळे खाली उतरल्यावर अण्णांनी गिअरजवळचा डबा उघडला आणि अक्कानेच टाकलेली पन्नासची नोट तिच्यापुढे धरली.

"घे अक्का. जालन्याला कुठं पोचवलं म्या तुला?"

"निम्म्यात तर आणलं ना? वीस दे वापस, तीस राहू दे."

"अगं, निम्म्याचे पंचवीस होतेत."

"पाच रोही दावल्याचे," अक्का म्हणाली आणि पदर सावरून बसची वाट बघायला फाट्याकडे चालायला लागली.

या डब्याबद्दल सांगायला हवं. घनसावंगीत आमचं छपाईचं दुकान आहे. कागद आणि फ्लेक्सचे रोल आणायला अण्णा अधूनमधून जालन्याला जातात. आदल्या संध्याकाळी ते हॉटेलवर सांगून ठेवतात, उद्या गाडी चालली म्हणून. आमच्या गावात बस येते तेव्हा येते, त्यामुळे दवाखाना, कोर्ट, बँक अशी कामं असलेली माणसं सकाळी आमच्या दारात उभी असतात. चहापत्तीचा एक जुना डबा गाडीत असतो. ज्याला जे टाकायचं ते तो डिझेलसाठी टाकतो. अण्णा मागत नाहीत, बघत नाहीत. भावकीतलं कुणी टाकत नाही. काकांनी तर त्या डब्याचं झाकण कधी उघडलेलं मी पाहिलं नाही.

मी त्या छपाईच्या दुकानात वाढले. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. तालुक्यातल्या प्रत्येक मोर्चाचं, धरण्याचं, उपोषणाचं पत्रक अण्णांनी छापलं, निम्मी उधारीवर. खराब निघालेल्या कागदांवर मी अक्षरं गिरवली, त्यामुळे मला कमळाच्या आधी धिक्कार लिहिता यायला लागला. आजही कुठे काही वाकडं दिसलं की माझ्या डोक्यात आपोआप पहिली ओळ तयार होते: बंधू-भगिनींनो. त्या सकाळी नालीत उतरलेली गाडी बघताना मात्र तशी ओळ सुचली नाही. रोह्याचा निषेध कसा करणार?

गाडी ओढून जालन्याच्या गॅरेजात नेली. बॉनेट, बंपर, रेडिएटर, डावा दिवा. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून अण्णा बाकावर बसले. नवी कटिंग मशीन घ्यायला बाजूला ठेवलेले पैसे जवळपास सगळे जात होते. "अण्णा, विमा हाये ना? मंग क्लेम टाका की बिनधास्त," गॅरेजवाला म्हणाला. माझ्याही जिवात जीव आला. इतकी वर्षं न चुकता हप्ता भरला होता. हा आपला हक्क आहे, हे मी तिथे मोठ्याने बोललेही.

दुसऱ्या दिवशी एजंट दुकानात आला. तीर्थपुरीचा, बोलायला गोड. चहा घेत त्याने विचारलं, "गाडीत कोण कोण होतं?"

"आम्ही चौघं," मी म्हणाले.

"समदे घरचेच ना?"

"तिघं घरचे. एक अक्का."

"मंग अक्काला बी घरचीच लिहू. गावात कोण परकं असतं?"

"तिनं डिझेलला पैसे दिले होते."

त्याने पेन टेबलावर ठेवलं आणि दाराकडे बघितलं. "ताई, हे तुम्ही बोलल्या न्हाई अन् म्या ऐकलं न्हाई."

मग त्याने समजावून सांगितलं. गाडी खाजगी आहे. पैसे घेऊन माणूस बसवला की कंपनीच्या लेखी ती भाड्याची गाडी होते आणि क्लेम नाकारतात. रक्कम मोठी असल्यामुळे चौकशीला माणूस येणार, गावात जाणार, गाडीत बसलेल्यांना एकेकट्याला विचारणार. "तुम्ही काहीच करायचं न्हाई. फक्त त्या म्हातारीला सांगून ठिवा. पैसे दिले न्हाईत, इतकंच तिनं म्हणायचं. बिलकुल सोपं काम हाये."

मी भडकले. तीस रुपयांत कुणाचा धंदा होतो? घनसावंगी ते जालना डिझेल तरी निघतं का त्यात? शेजारधर्माला भाडं म्हणायचं आणि खोटं बोलायला आपणच शिकवायचं, ही कुठली रीत? मी तिथेच कागद ओढला आणि घटनेचं निवेदन लिहून काढलं. गाडीत कोण होतं, गावात बससेवेची काय अवस्था आहे, लोक स्वेच्छेने डिझेलला हातभार लावतात, आणि याला धंदा म्हणणं हा ग्रामीण जनतेचा अपमान आहे. एजंटने शेवटपर्यंत वाचलं.

"ताई, लई भारी लिहिलंय. पण हे पत्रक झालं. क्लेमला धिक्कार लागत न्हाई."

घरी आईने माझी बाजू घेतली नाही. "भरायच्या टायमाला कोणी म्हणलं न्हाई तुम्ही लबाड हायेत म्हणून. आता घ्यायची पाळी आली तर तुला खरं-खोटं आठवून राह्यलं?"

"आई, मी स्वतः गाडीत होते. मला विचारलं तर मी काय सांगू?"

"सांग, मी बाहेर बघत होते."

काका टेंगळावर हळद लावून बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. त्या माणसाला आधी माझ्याकडं पाठवा. छातीवर हात ठिवून सांगतो, आजपावतो एक रुपया दिलेला न्हाई."

"ते साऱ्या गावाला माहीत हाये, भाऊजी," आई म्हणाली.

मला हसू आलं आणि रागही आला. चौघांत एकट्या काकांना खरं बोलून क्लेम मिळवून देता येणार होता.

अक्काला सांगायचं कुणी, हा प्रश्न उरला. अण्णा म्हणाले, मला जमणार नाही. आई म्हणाली, मी गेले तर तिला वाटेल मी भांडायला आले. शेवटी मी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते. मनातून मला वाटत होतं की अक्काच काहीतरी म्हणेल आणि माझ्यावरचं ओझं उतरेल.

अक्का शेवरीच्या फांद्या बांधून करडांसमोर टांगत होती. मी आडून आडून सुरुवात केली.

"अक्का, विम्याचा माणूस येईल. तो विचारील, गाडीत बसायचे पैसे दिले होते का."

"मंग सांगीन की. पन्नास दिल्ते, वीस वापस घेतले."

"तसं सांगितलं तर अण्णांना पैसे मिळणार नाहीत."

"काहून?"

"पैसे घेऊन माणसं बसवायला परवानगी नाही म्हणे."

"अन् फुकट?"

"फुकट चालतं."

अक्काने हातातली फांदी खाली केली. "म्हंजी फुकट्यांचाच ईमा हाये का त्यो?"

मी हसले, ती हसली नाही. काळा चष्मा काढून तिने पदराने डोळा टिपला, परत लावला.

"पोरी, शेळीनं कुणाच्या बांधाला तोंड लावलं ना, का पहिला शबुद काय येतो म्हाईत हाये? फुकटी. फुकटचं चारती. माझ्या सासूला म्हणलं, मला म्हणलं. ज्याच्या वावरात चारलं त्याच्या वावरात शेळ्या बसवल्या, खताला लेंड्या दिल्या, तरी फुकटीच. म्हणून म्या कुठं बी बसायचं आसंल तर आधी पैसे टाकते अन् मंग बूड टेकते. आता त्या साहेबाला सांगू, का म्या फुकट बसल्ते?"

"कागदावर सही नाही करायची अक्का. फक्त तोंडी."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं यावर माझाच विश्वास बसेना.

"तोंडीच तर लागतं," अक्का म्हणाली.

तिने फांदी पुन्हा उचलून करडांसमोर टांगली. मग तीच म्हणाली, "पर तुह्या बापाचं नुकसान व्हऊन राह्यलं. एक काम करू. त्यो माणूस येणार आसंल त्या दिशी मला सांग. म्या शेळ्या घिऊन दूर माळावर जाते. सापडलेच न्हाई तर ईचारील कुणाला?"

मला इतका संताप कधी आला नसेल. गाडीत पैसे टाकणारी एकटी ही बाई, आणि तिनेच लपायचं. चोरासारखं, माळावर, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना. "तू कुठंही जायचं नाही," मी म्हणाले. "आला तर जे झालं ते सांग."

घरी येऊन मी जाहीर करून टाकलं. निवेदन आहे तसं पाठवायचं. कंपनीने नाकारलं तर लेखी नाकारू दे. मग वर तक्रार करू, ग्राहकांच्या कोर्टात जाऊ. कुणीतरी एकदा भांडलंच पाहिजे. आईने भाकरी जोरात थापली. 

"भांडू," अण्णा म्हणाले. "मला भांडायचं भेव न्हाई. पण भांडणात साक्षीला कोण उभं राहणार? अक्का. अन् हरलो तर गाव काय म्हणंल? कंपनीनं बुडवलं म्हणणार न्हाई. म्हणंल, अक्कानं बुडवलं. चांगल्या माणसाच्या गाडीत बसली अन् तीस रुपयांसाठी त्याला खड्ड्यात घातलं. तिला अजून एक नाव पडंल."

"मग खोटं बोलायचं का?"

"न्हाई. मंग मागायचंच न्हाई."

  मी अण्णांना घाबरट म्हणाले, ते त्यांनी ऐकून घेतलं. एजंटचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "राहू दे बाबा. खर्चा आम्ही करू." पलीकडून तो किती वेळ बोलत होता! शेवटी त्याचा आवाज मलाही ऐकू आला: "अण्णा, येडे झाले का तुम्ही? घरचीच तर लिहायची हाये तिला!"

कटिंग मशीन घ्यायची राहिली. मी एक पत्रक लिहिलं आणि अण्णांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी आयुष्यात कुणाचं पत्रक परत केलं नव्हतं, माझं केलं. म्हणाले, "कंपनी काही हे वाचणार न्हाई. गाव वाचंल, अन् वाचून अक्काकडं बघंल."

महिनाभराने गाडी आली. नवं बॉनेट परवडलं नाही म्हणून भंगारातलं बसवलं होतं. गाडी पांढरी, बॉनेट पिवळट पांढरं. लांबून तिने तोंडाला हळद लावल्यासारखं दिसतं. पुढच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी गिअरजवळचा डबा काढला, धुतला आणि आईला दिला. "पुन्हा काही झालं तर कोणाला खोटं बोलायची पाळी नको," म्हणाले. हॉटेलवर त्यांनी सांगितलं की आता डिझेलला कुणी काही द्यायचं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत इतकंच. मी म्हणाले, डबा ठेवा, हे बरोबर नाही. "ठिवतो," ते म्हणाले. "मंग हप्ता कशाला भरायचा ते सांग." 

सकाळी दारात गर्दी होती. जे कधी येत नव्हते तेही आले होते. काका सगळ्यांच्या आधी मागे जाऊन बसले. अक्का दुसऱ्या डोळ्याची तारीख विचारायला निघाली होती. दार उघडून तिने हात आत घातला, घडी केलेली नोट बोटांत धरलेली, आणि हात तसाच हवेत राहिला.

"डबा कुठंय?"

"काढला अक्का," अण्णा समोर बघत म्हणाले. "बस तू. पैसे न्हाई लागत आता."

"कोणालाच?"

"कोणालाच."

अक्काने गाडीत बसलेल्यांकडे एकदा बघितलं. मग नोट कमरेच्या पिशवीत ठेवली आणि दार हळूच लावलं. "जा तुम्ही. बस यिलच आता."

मी खाली उतरले, तिचा हात धरला. "अक्का, माझ्या हातात दे पैसे. मी घेते."

"तुह्या हातात दिले तर त्यो ईम्याचा माणूस तुला ईचारील. मंग तू काय सांगशील?" ती म्हणाली. चिडून नाही, अगदी साधेपणाने. आणि फाट्याकडे चालायला लागली.

आम्ही तिला ओलांडून गेलो. अण्णांनी गाडी हळू केली. तिने न थांबता हात हलवला, जा म्हणून. मी मागे वळून बघत होते. ती धुक्यात दिसेनाशी झाली तेव्हा मागच्या सीटवर काकांनी पाय लांब केले आणि म्हणाले, "चला, जागा तर झाली."