पडदा पडला, मागचं दार उघडं

नाट्यगृहाचा पडदा चाळीस वर्षं ज्यांच्या हातून उघडला आणि पडला, त्यांना सगळे पडदेमामा म्हणत. निवृत्त झाल्यावर मामांनी घरच्या इंटरनेटचा कारभार हाती घेतला. कुणीतरी सांगितलं, व्हीपीएन घेतलं की आतलं बाहेरच्याला दिसत नाही.

"म्हणजे पडदाच की!" मामांनी ते लगेच मोबाइलवर घेतलं आणि घरात जाहीर केलं, "आता आपल्या राउटरकडे वाकड्या नजरेने बघायची कुणाची टाप नाही."

एके दिवशी सकाळी अकराला सूनबाईची व्हिडिओवर मुलाखत होती. तीन वर्षं लेकरामागे धावल्यावर नोकरीची ही पहिलीच संधी. दहाला तिने लॅपटॉप उघडला, तर कुठलंही पान उघडा, लॉटरी लागल्याची जाहिरात हजर!

"बाबा, राउटरमध्ये काहीतरी शिरलंय."

"शक्यच नाही. व्हीपीएन आहे."

"कुठे?"

"माझ्या मोबाइलवर."

सूनबाईने कपाळावर हात मारला आणि खालच्या मजल्यावरच्या, इंटरनेट जोडणाऱ्या मुलीला हाक मारली.

"काका," ती म्हणाली, "व्हीपीएन तुमच्या फोनचं येणंजाणं झाकतं. राउटरमध्ये शिरणाऱ्याला ते अडवत नाही, शिरलेल्याला हाकलतही नाही. राउटरचा पासवर्ड कधी बदललात?"

"तो बदलायचा असतो?"

"कंपनीचाच ठेवलात? तो तर अख्ख्या जगाला पाठ आहे!"

मामांना एक जुना प्रयोग आठवला. एकदा ते पडदा घट्ट धरून उभे असताना नाट्यगृहाच्या मागच्या दाराने कुत्रं शिरलं होतं. पडदा वर गेला तर सिंहासनावर राजाऐवजी तेच! टाळ्या कडाडल्या, पण मॅनेजर आठवडाभर मामांशी बोलला नाही.

"तेव्हाही दार उघडंच होतं," ते पुटपुटले.

मुलीने राउटरमधलं सगळं पुसून तो कोरा केला, अपडेट केला आणि नवा पासवर्ड मामांकडूनच घालून घेतला. अकराला पाच कमी असताना जाहिराती गायब.

मुलाखत छान रंगली. शेवटी पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "घरून काम कराल, तर नेटवर्क सुरक्षित आहे ना?"

सूनबाई "हो" म्हणते तोच दारातून शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज आला, "अगदी! आत्ताच पासवर्ड बदललाय. घ्या लिहून!" आणि मामा अक्षर न् अक्षर सांगून मोकळे झाले.

बाई हसून हसून लाल झाल्या.

"सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. "त्याआधी पासवर्ड तेवढा बदला. आणि या वेळी आजोबांना सांगू नका."