रांगोळीतलं माझं घर

अकोले तालुक्याच्या स्टँडवर वडील मला सोडायला आले होते. एस्टी हलली तशी खिडकीपाशी येऊन म्हणाले, "एका खाचरात दोघांचं भागायचं न्हाई. तू थोरला, तू जा." धाकटा सखाराम त्यांच्या मागं उभा होता. तो घरी राहिला, मी पुण्याला गेलो. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, खरं सांगतो, त्या दिवसापासून मी सख्यावर जळतो.

तिसरीत शाळा सोडलेला माणूस, कंपनीत हेल्पर लागलो. हडपसरला पत्र्याची खोली, नाईट शिफ्ट, टँकरचं पाणी. तिकडं सख्याला आईच्या हातची भाकरी, ओसरी, भाताचं खाचर आणि येता-जाता चार माणसांचा रामराम.

यंदा गावी गेलो तर युनिव्हर्सिटीची एक मॅडम आलेली. गावात कोण वर चढलं, कोण खालीच राहिलं आणि का, यावर ती पीएचडी करते. देवळापुढं तिनं लोकांकडूनच रांगोळीनं सगळं गाव काढून घेतलं. मग घराघरावर चिंचोके ठेवायचे. ज्याचं बरं चाललंय, त्याला जास्त. सख्या मधोमध बसलेला. मॅडम त्यालाच विचारणार, मोबाईलमध्ये त्याचंच बोलणं भरून घेणार. माझ्याकडं कुणी बघेना.

मी म्हणालो, "माझं घर कुठंय?"

"बाबा, तुम्ही इथं राहत नाही ना? आम्ही गावातलीच घरं धरतो."

"मी काय आभाळातून पडलो व्हय? माझं घर काढल्याबिगर उठत न्हाई."

लोक हसले. "आमचा दादा लई हट्टी हाय, मॅडम," म्हणत सख्यानं चिमूटभर रांगोळी घेतली आणि त्याच्या भिंतीला लागून माझं घर काढलं. स्वतःच्या घरावर त्यानं दोनच चिंचोके ठेवले होते. माझ्यावर ओंजळभर ओतले.

"ह्यो समद्यात मोठा. पुण्यात घर, कंपनीचा पगार. सुटला ह्यो. आमी ऱ्हायलो चिखलात."

बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. जळणाऱ्याला समोर बघवत नाही; मलाही कैक वर्षं त्याच्याकडं असंच बघवलेलं नाही.

"बरोबर आहे का, बाबा?" मॅडमनं मला विचारलं. पहिल्यांदाच.

पत्र्याची खोली अगदी ओठावर आली होती.

"बरोबर हाय," मी म्हणालो.

तिच्या पुस्तकात काय छापायचं ते छापू दे. इकडं हडपसरच्या खोलीत दुपारी पत्रा तापला की मी डोळे मिटून पडतो. सख्याच्या भिंतीला लागून माझं घर हाय, गावात सगळ्यात मोठं. मी अजून त्याच्यावर जळतो. पण आता तोही माझ्यावर जळतो हे कळल्यापासून, गाव सोडून इतकी वर्षं झाली तरी मी तिथलाच आहे असं वाटतं.