कंबर धरा

तुमचा पाय किती टक्के तुमचा आहे, असं तुम्हाला कधी कुणी विचारलंय का?

मला विचारलं, चोविसाव्या वर्षी. डाव्या पायात जन्मापासून जोर नाही. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहून उजवा गुडघाही सुजू लागला, नोकरी सुटली आणि मी निराधार पेन्शनसाठी अर्ज करायचं ठरवलं. त्याला किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तो लहानपणीच निघाला असता, पण वडिलांनी काढू दिला नाही. ते मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात कामाला. मोर्च्यांची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकलो. ‘हक्क’ हा शब्द त्यांत सगळ्यात जाड टाइपात असायचा. स्वतःच्या पोराने तो मागणं मात्र वडिलांना कमीपणाचं वाटायचं.

त्याऐवजी ते मला पहाटे तालमीत न्यायचे. पाय उचलत नाही तर कंबरेनं उचल, श्वास कोंड, चेहऱ्यावर काही दाखवू नको, हे त्यांनी तांबड्या मातीत शिकवलं. मी लंगडतो हे परक्या माणसाला पटकन कळत नसे.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी टेबलावर झोपवलं, डाव्या मांडीवर हात ठेवला. ‘‘मी दाबतो, तुम्ही वर उचला. जोर लावा.’’

तालमीत वाढलेल्याला ‘जोर लाव’ म्हटल्यावर दुसरं काही सुचत नाही. मी श्वास कोंडला आणि उचलला.

‘‘छान,’’ डॉक्टर म्हणाले. दाखल्यावर पस्तीस टक्के आले.

शेजारच्या काकू दारातच हसल्या. ‘‘आरं, कुस्ती माराय गेलतास व्हय? पुन्हा जाशील तवा जरा लंगड की!’’

‘‘लंगडणार न्हाय त्यो,’’ वडील आतून गरजले.

‘‘मग बसवा घरात. ताठ!’’

मी फेरतपासणी मागितली. खोटं लंगडणं मलाही मान्य नव्हतं. एकाच्या नाटकामुळे रांगेतल्या प्रत्येकाकडे संशयानं बघितलं जातं. पण मग लक्षात आलं, त्या टेबलावर माझी कंबरही खोटंच बोलली होती.

या खेपेला वडील आत आले. डॉक्टर दुसरे होते, टेबल तेच. ‘‘उचला.’’ मी उचलला. ते काही लिहायच्या आत म्हणालो, ‘‘हा पाय नाही साहेब, कंबर उचलतेय. कंबर धरा.’’

त्यांनी एका हातानं कंबर टेबलाला दाबून धरली. ‘‘आता?’’

मी सगळा जोर लावला. पाय होता तिथेच पडून राहिला. वडील त्याच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तो असा पडलेला बघितला नव्हता.

‘‘पैलवान हाय काय?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘मी केलता,’’ वडील म्हणाले.

पंचेचाळीस टक्के आले. पेन्शन अजून मंजूर व्हायची आहे. दवाखान्याचा जिना उतरताना वडिलांनी खांदा पुढे केला आणि मी तो धरला.

तुमच्या घरातलं, गल्लीतलं कुणी अशा तपासणीला निघालं असेल, तर त्याला लंगडायला शिकवू नका आणि ताठ राहायलाही सांगू नका. आदल्या दिवशी त्याच्याजवळ बसा, कुठला अवयव कुणाचं काम करतोय ते विचारा, आणि तेवढंच डॉक्टरांपुढे बोलायला सांगा.