कोरा फळा

डहाणूच्या लायब्ररीत मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा आईची समजूत अशी होती, की मला दिवसभर पुस्तकं वाचण्याचा पगार मिळतो. प्रत्यक्षात माझा निम्मा वेळ खडूच्या भुकटीत जायचा. लायब्ररीच्या व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून एक मोठा फळा होता. सकाळी पेपर आले की ठळक बातम्या त्यावर लिहायच्या. त्याखाली आपले कार्यक्रम: व्याख्यान, नेत्रतपासणी शिबिर, मुलांची चित्रकला स्पर्धा. आणि अगदी तळाशी, रेडिओवर सांगितलेला हवामानाचा अंदाज.

ही तळाची ओळ माझी भर. मी वरोरची, मच्छीमाराच्या घरातली. लायब्ररीच्या फळ्यावर वारापाऊस कशाला, अशी कमिटीत थोडी कुरकुर झाली, पण मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आमच्या गावच्या बाया डहाणूच्या बाजारात मासळी विकून परतीच्या बसला जाताना फळ्यापाशी पाटी टेकवायच्या. "बाय, दर्याचं काय लिवलंय?" मी वाचून दाखवायची. ज्यांना वाचता यायचं त्यासुद्धा माझ्याकडून वाचून घ्यायच्या. डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कुणीतरी सांगितलं की त्यांना बरं वाटायचं.

या फळ्याची एक रीत होती. गावात कुणी गेलं की फळा पुसायचा आणि दिवसभर कोरा ठेवायचा. एका जुन्या अध्यक्षांनी ही रीत घालून दिली होती. त्यांचं म्हणणं, एखाद्या घरी रडारड चालू असताना आपण रंगीत खडूने वेलबुट्टी काढून स्पर्धेच्या वेळा लिहू नयेत. गेलेल्याचं नावही लिहायचं नाही, कारण ती बातमी माणसाने माणसाला सांगायची असते. त्यामुळे काळाभोर फळा दिसला की लोक चपला काढून आत यायचे आणि हळू आवाजात विचारायचे, कोण? समोरच्या दुकानातला चिकूचा गुजराती व्यापारी तर रोज शटर उघडण्याआधी फळ्याकडे बघून घ्यायचा.

मी मुळातच घाबरट. बस उशिरा आली तरी माझ्या डोक्यात अपघात होऊन जातो. भाऊ बोटीवर गेला की मी घड्याळाकडे बघायचं टाळते, कारण बघितलं की हिशोब सुरू होतो. तो माझ्याहून धाकटा. त्याचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तो नेहमी हसायचा मला. म्हणायचा, "ताई, बोट माझी आणि उलट्या तुला."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दसरा झाला होता, दिवाळी तोंडावर होती. पाऊस गेला असं सगळे म्हणत होते आणि अचानक समुद्र फिरला. दुपारपर्यंत स्वच्छ ऊन, आणि मग असा वारा की आमच्या पडवीची कौलं उडाली. गावच्या बोटी एकेक करून परतल्या. आमची आली नाही. भावाबरोबर दोन खलाशी होते, पलीकडच्या गुजरातेतले. परतलेल्यांपैकी एकाने सांगितलं की भावाची बोट वाऱ्याबरोबर वरच्या अंगाला, गुजरातकडे जाताना दिसली होती. पुढचं कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थोडा कमी होता. मी घरीच थांबणार होते, पण आईने मला बळेच बसमध्ये बसवलं. "तू लायबरीत जा. बातमी पयली तिथं येईल." वहिनी दारात उभी होती.  माझी छत्री तिने माझ्या हातात दिली आणि सोडायला विसरली. मला ती तिच्या मुठीतून ओढून घ्यावी लागली.

लायब्ररीत टेलिफोन होता, पण तो मेलेला. तारा तुटल्या होत्या. पेपर आले नव्हते, कारण रुळांवर पाणी होतं आणि गाड्या बंद. फळ्यावर आदल्या दिवशीचंच माझं अक्षर होतं: उद्या संध्याकाळी व्याख्यान, विषय हृदयविकार आणि आहार. खाली, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. ती ओळ वाचून मला माझाच राग आला. रेडिओने ती सांगितली तेव्हा भाऊ समुद्रात पोचला होता.

बसून राहणं शक्य नव्हतं. दार ओढून घेतलं आणि मी मत्स्यखात्याच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब भला माणूस होता. त्याने चहा मागवला आणि सांगितलं की उंबरगाव, दमणकडच्या खाड्यांत पुष्कळ बोटी शिरल्या असतील. असतील, म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं. मग मी खाडीवर गेले. तिथे उभे असलेले लोक माझ्याकडे बघून बोलायचे थांबले, तेव्हा मी परत फिरले.

बाजाराच्या वळणावरून लायब्ररी दिसते. मला फळा दिसला. पुसलेला, काळा, वर एक अक्षर नाही.

मी वळणावरच थांबले.  मी नसताना बातमी आली होती. कुणीतरी आलं, त्याने सांगितलं आणि फळा पुसला गेला. गावात दुसरं कुणी गेलं असेल हा विचार मला सुचलाच नाही. व्यापारी रस्ता ओलांडून माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "बेन, कोण गुजरी गयुं?" मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. ते बघणं त्याला उत्तरासारखं वाटलं असणार. त्याने हात जोडले.

पावसाचे शिंतोडे येऊ नयेत म्हणून दार लोटून आत आमचे नवे कार्यवाह बसले होते. बँकेतले गृहस्थ, घाटावरून बदलून आलेले. भारी टापटिपीचे. डोळ्यांसमोर शिळं काही चालायचं नाही त्यांना. ते चहाच्या स्टोव्हवर तवा ठेवून त्यात खडू शेकत होते.

"या बाई," ते म्हणाले. "वक्त्यांची गाडीच नाही, तेव्हा कार्यक्रम काही होत नाही. म्हटलं, उगाच लोकांची दिशाभूल नको. पुसून टाकलं. नवीन लिहायला गेलो तर खडू सर्दलेले, उमटेचनात. वाळले की लिहितो."

"कुणी आलं होतं? काही निरोप?"

"छे. चिटपाखरू नाही."

मी खुर्चीत बसले. आधी मला हसू आलं, मग भयंकर राग. त्यांना आमची रीत कुणी सांगितली नव्हती. ते आल्यापासूनच्या महिन्याभरात गावात कुणी गेलंच नव्हतं. मी सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, आणि ते कच्च्याच खडूने फळ्यावर काहीतरी गिरवायला धावले. तेवढ्यात व्यापारी दारात आला. कार्यवाहांना फळ्यावर लिहिताना बघून आता त्यालाही शंका आली होती. म्हणाला, "तुमच्या वरोरच्या दोन बाया इथे उभ्या होत्या. दार बंद, फळा कोरा. मला विचारलं, ही कुठे गेली? मी म्हटलं, घाईघाईत गेली. त्या रडत बसमध्ये चढल्या."

बस सुटून गेली होती. पुढची कधी येईल, त्या पावसात डेपोतही कुणी सांगू शकत नव्हतं. मी स्टँडवर उभी राहिले. आयुष्यात इतकी वाट मी कशाची पाहिली नाही. आमच्या दोन बाया पुढे गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर माझ्या भावाचा मृत्यू गेला होता, तो खरा नसताना. निदान खरा आहे हे ठाऊक नसताना. अखेर एक बस आली, तीही वाटेत पडलेल्या झाडापाशी खोळंबली.

आमच्या घरातून रडण्याचा आवाज मला रस्त्यावरून ऐकू आला. अंगणात सगळी आळी जमली होती. आई भिंतीला टेकून बसली होती, तिचे डोळे कोरडे होते. वहिनी उंबऱ्यापाशी होती. बातमी ऐकल्यावर तिने उंबऱ्यावर हात आपटले होते. बांगड्यांचा हिरवा चुरा तिथेच पडला होता आणि मनगटांवर रक्त सुकलं होतं. कुणी फोडायला लावल्या नव्हत्या. तिच्या हातून फुटल्या होत्या.

मी ओरडून सांगितलं, "बातमी आलेली नाही. काही बातमी नाही. फळा चुकून पुसला गेला."

कुणी विश्वास ठेवला नाही. म्हाताऱ्या बाया माझ्याकडे कणवेने बघू लागल्या. त्यांना वाटलं, मी आईला सावरायला खोटं बोलतेय. एकीने मला जवळ घेतलं, "रड गो, रड. मोकळी हो." मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कार्यवाह, व्याख्यान, खडू, तवा, सगळं सांगितलं. जितकं सांगावं तितकं ते बनवलेलं वाटायला लागलं. वहिनीने मला एकच विचारलं.

"मग ते जिवंत हायत?"

 बातमी नाही, एवढंच माझ्याकडे होतं. मी मान खाली घातली आणि माझ्या त्या मान खाली घालण्याने सगळं पक्कं झालं. आवाज पुन्हा चढला.

दिवस कलताना तो आला. रस्त्यावरून चालत, अंगात कुणाचातरी मोठा शर्ट, पायांत काही नाही. बोट पहाटे उंबरगावच्या खाडीत शिरली होती. ती तिथे बांधून, खलाशांना त्यांच्या गावी पाठवून, तो मिळेल त्या वाहनाने हायवेला लागला होता. राज्याच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत एका ड्रायव्हरने त्याला वर घेतलं, पुढे दुसऱ्याने. निरोप पाठवायला कुठे फोनच चालू नव्हता. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं झालं, की तो अंगणाच्या कडेला येऊन थांबला, गर्दी बघून त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि त्याने जवळच्या माणसाला विचारलं,

"कोण गेलं?"

आई उठली, त्याच्यापर्यंत गेली आणि त्याला दोन थपडा लगावल्या. मग त्याला धरून रडायला लागली. बायका रडत होत्याच, त्यांनी फक्त कारण बदललं. वहिनी जागची हलली नाही. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. तो तिच्यासमोर बसला, पदर बाजूला केला, मनगटं पाहिली. मग उंबऱ्याकडे पाहिलं. समुद्रात रात्र काढून आलेला माझा भाऊ तेव्हा थरथरायला लागला. त्याला धरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आईने वहिनीला पुन्हा चुडा भरला, देवाला नारळ दिला. लोकांनी या गोष्टीचे विनोद केले, कार्यवाहांनी घरी येऊन माफी मागितली, भाऊसुद्धा हसला. वहिनी हसली नाही. दिवाळीनंतर बोट दुरुस्त होऊन आली आणि तो निघाला. मला वाटलं, ती अडवेल. तिने त्याला डबा दिला, आणि मी शेजारी उभी असताना शांतपणे म्हणाली,

"माझं तुमच्यासाठी रडून झालंय. आता परत ते माझ्याच्यानं होणार नाय."

 तो डबा घेऊन किनाऱ्याकडे गेला.