सरांचं यंत्र कुणी पाडलं

अंध वाचकांच्या ग्रंथालयात संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘मेकॅनिकबाई’ म्हणत. हे नाव ठेवलं गणिताच्या निवृत्त सरांनी. “आमच्या बाईंनी हात लावला की मेलेलं यंत्रही उठून बसतं,” असं ते येईल त्याला सांगत. बाई वरवर “काहीतरीच काय सर!” म्हणत आणि आतून फुलून जात. नडलं ते तिथंच.

सरांना दिसत नसे. त्यांच्याकडे ब्रेलचं एक छोटं यंत्र होतं. वर सहा कळा, खाली बोटांनी वाचायची बारीक टोकं. ब्लूटूथनं ते ग्रंथालयाच्या लॅपटॉपला जोडलं की सर कळा दाबत आणि पडद्यावर अक्षरं उमटत. जोडलं नाही तर ते मुकं. रोज अकरा ते एक सर अंध मुलांसाठी भूमितीचं पुस्तक लिहीत बसत. फक्त जोडाक्षर आलं की गाडी अडखळायची आणि सर वैतागायचे. म्हणून बाईंनी नेटवर एक फुकटचा प्रोग्रॅम हुडकला, कुणीतरी हौसेनं लिहून सगळ्यांसाठी मोकळा सोडलेला. सोबत सूचना किती? चार ओळी. उतरवून घ्या, चालवा, उपकरण निवडा, झालं. झालं म्हणे! अहो, साध्या मिक्सरबरोबरसुद्धा याहून जाड पुस्तक येतं.

चौथी ओळ संपली आणि पडद्यावर आलं, ‘उपकरण सापडले नाही’. पुन्हा केलं, पुन्हा तेच. समोर सर गुडघ्यांवर हात ठेवून शांत बसलेले. बाईंचे कान तापले आणि तोंडातून निघून गेलं, “सर, यंत्र कुठे पडलंबिडलं का हो?”

सर थबकले. “सून पुसते रोज,” एवढंच म्हणाले. यंत्र रुमालात गुंडाळलं आणि काठी टेकत निघून गेले.

दहा मिनिटांनी बाईंनी स्वतःचे इयरफोन जोडून पाहिले. तेही सापडेनात. म्हणजे सरांचं यंत्र ठणठणीत होतं. या नव्या पाहुण्यानं लॅपटॉपचं ब्लूटूथच आडवं पाडलं होतं. आता एक फोन करायला असा किती वेळ लागतो? पण नाही केला. आधी दुरुस्त करू, मग हसत हसत सांगू, अशी मनाची समजूत घातली. मेकॅनिकबाई ना त्या!

प्रोग्रॅम काढून टाकला, पुन्हा टाकला, परत काढला. ब्लूटूथ ढिम्म हलेना. असे चार दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी सरांची सून दारात उभी.

“ताई, एक विचारू? पुसताना नुसतं टेबलावर आपटलं तरी बिघडतं का हो ते? बाबा चार दिवस माझ्याशी बोलत नाहीयेत. ताट घेतात, पण हूं नाही की चूं नाही. मला पाडल्याचं काही आठवत नाही. पण पडलंही असेल.”

सांगायची वेळ ती हीच. बाईंनी तोंड उघडलंही, पण बाहेर काय आलं? “बघते मी. करू काहीतरी.” सून चक्क हात जोडून गेली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्या प्रोग्रॅमच्या पानावर लोकांनी विचारलेले प्रश्न वाचत बसल्या. हीच रड आणखी कितीतरी जणांची होती, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं सगळ्यांना एकच उत्तर: माझ्याकडे नीट चालतो, तुमचं उपकरण तपासा. बाईंनी त्याला मनातल्या मनात चार शेलक्या शिव्या हासडल्या. पाचवी देताना जीभ अडली. आपण तरी सरांना दुसरं काय सांगितलं होतं?

अगदी तळाशी कुणा भल्या माणसानं लिहून ठेवलं होतं. लॅपटॉपचा मूळचा ब्लूटूथ प्रोग्रॅम आधी थांबवा, जुन्या जोडण्या पुसा, मगच हा चालवा. नाहीतर दोघंही हटून बसतात. चार ओळींत नसलेली ती पाचवी ओळ. दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडल्याउघडल्या बाईंनी तसं केलं, आणि यादीत इयरफोनचं नाव दिसलं. लॅपटॉप काखोटीला मारून त्या तडक सरांच्या घरी गेल्या.

सुनेनं कपाटावरून यंत्र काढून दिलं. जोडलं. टोकं टरारून वर आली. सरांची बोटं त्यांच्यावरून फिरली आणि त्यांचा चेहरा खुलला. “उठवलंत की हो! मी म्हटलं नव्हतं, आमच्या मेकॅनिकबाई—”

“सर, ते मेलंच नव्हतं,” बाई म्हणाल्या. “लॅपटॉप मी बिघडवला होता. त्याच दिवशी, तुम्ही गेल्यावर दहा मिनिटांत मला कळलंही होतं. तुमच्यापुढे नाक कापलं जाईल म्हणून गप्प बसले.”

कळांवरचे हात सरांनी हळूच मागे घेतले आणि सून उभी होती तिकडे तोंड वळवलं.

“ताई,” सून म्हणाली, “काल तुमच्याकडून घरी आले आणि मी बाबांची माफी मागितली. मीच पाडलं म्हणून सांगितलं. कसं निसटलं, कुठल्या कोपऱ्यावर आपटलं, सगळं सांगितलं.” ती बाईंकडे बघतच राहिली. “आणि खरं सांगू? सांगता सांगता मला ते आठवायलाही लागलं होतं.”