सुईदोऱ्यावरचं इंग्रजी

मखमलाबादच्या अलीकडे मळ्यात राहणाऱ्या नवसाबाईला इंग्रजी सोडलं तर जगात कशाचीच भीती नव्हती. साप निघाला की दांडकं घेऊन तीच पुढे. फुलबाजारात कुणी भाव पाडायला लागला, की त्याला ती असा आडवा घ्यायची की बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पण दहावीचा इंग्रजीचा पेपर समोर आला, की या वाघिणीची पार शेळी व्हायची. दोनदा झाली. बाकीचे सगळे विषय सुटले, इंग्रजी काही पाठ सोडेना.

आता चाळिशी उलटल्यावर दहावी कशाला हवी, असं विचारणारे पुष्कळ होते. विचारू द्या, त्यांचं काय जातंय! वस्तीवर एका संस्थेची बालवाडी होती आणि नवसाबाई तिथे मदतनीस. पोरांची नाकं पुसायची, खिचडी वाढायची, आणि खरं सांगायचं तर शिकवायचीही तीच. शिक्षिका शहरातून यायच्या, वर्षभरात कंटाळून जायच्या. तरी पोरं त्यांना 'बाई' म्हणायची आणि हिला 'मावशी'. वस्तीवरची कुणी दहावी झाली तर तिलाच शिक्षिका नेमू, असं संस्थेने केव्हाच सांगितलं होतं. २००८च्या दिवाळीत मात्र निरोप आला, की येत्या जूनपर्यंतच वाट बघू, मग शहरातलीच कुणी कायमची नेमू. नवसाबाईने चंग बांधला. पोरांनी आपल्याला बाई म्हणावं, एवढीच तिची हाव होती.

नवरा भिमाजी तसा वाईट नव्हता, पण खोडकर! "ही शेवटची बारी हां, नवसे," तो म्हणाला. "नाय जमलं तर गप हार ओवायचे."

"हार ओवता ओवताच पास होते का नाय बघा," ती फणकारली.

आणि खरंच तसंच केलं. संध्याकाळी झेंडूचा ढीग पुढ्यात घेऊन बसायची, शेजारी कॉलेजात जाणारी लेक शुभांगी पुस्तक घेऊन. एक फूल सुईत, एक शब्द तोंडात.

"टोटल म्हणजे एकूण," शुभांगी म्हणायची. "त्याचे भाऊबंद सांग."

"सम, होल, अ‍ॅग्रीगेट."

"हं. पण कुठलाही कुठेही खपत नाही, आई. आकड्यांची बेरीज ती सम. एकच वस्तू अख्खी असली की होल. सुटं सुटं एकत्र येऊन एक झालं की अ‍ॅग्रीगेट."

नवसाबाईने क्षणभर सुई थांबवली. "म्हंजी झेंडू कुठंबी चालतो, पण हाराच्या खालच्या पदकात गुलाबच लागतो."

"अगदी!"

भिमाजीला तर आयतंच सापडलं. जेवायला बसला की विचारायचा, "आज अ‍ॅग्रीगेट भाकऱ्या किती?"

"भाकऱ्यांना टोटल म्हणावं. एवढं बी कळत नाय!" ती ताटात भाकरी आपटायची.

एक गोष्ट तेवढी कुणाच्या ध्यानात आली नाही. शब्द यायचे ते हातात सुई असली तरच. एकदा कणीक मळताना शुभांगीने विचारलं, तर एक शब्द फुटेना. दमली असेल, म्हणून दोघींनी सोडून दिलं.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा आली. केंद्र इंदिरानगरकडच्या एका शाळेत. दारात शिपायाने अडवलं, "मावशी, पालकांनी बाहेर थांबायचं."

"पालक नाय दादा, परीक्षेला मीच हाय!" पोरं खिदळली. नवसाबाई ताठ मानेने आत गेली.

परीक्षक मॅडमना नाव, गाव कसंबसं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "गिव्ह मी अनदर वर्ड फॉर टोटल."

नेमका तोच! आणि नेमकी तिथेच बाईची दातखीळ बसली. शब्द येतोय हे माहीत, जीभ मात्र हलेना. मॅडमनी पुन्हा विचारलं, मग घड्याळाकडे पाहिलं. नवसाबाईच्या डोळ्यांपुढे बालवाडी आली. खुर्चीवर शहरातली नवी बाई, आणि आपण म्हातारपणापर्यंत खिचडी वाढतोय. तिला स्वतःचाच असा काही संताप आला! इतके हार ओवलेस गं, आणि आता हात रिकामे म्हणून गप्प?

रिकामे! तिने मांडीवरचे हात वर घेतले. डाव्या चिमटीत नसलेलं फूल धरलं, उजव्या चिमटीत नसलेली सुई. पहिलं फूल टोचलं. "सम." दुसरं टोचलं. "होल." मग पदक आलं, पदकात गुलाब आला, आणि नवसाबाई केवढ्यानं तरी ओरडली, "अ‍ॅग्रीगेट!"

दारातला शिपाई दचकून आत डोकावला.

"मेक अ सेंटेन्स," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे तिच्या बोटांवर खिळले होते.

बोटं थांबली नाहीत. "अ गार्लंड... इज अ‍ॅन अ‍ॅग्रीगेट... ऑफ फ्लॉवर्स." एवढं म्हणून तिने गाठ मारली आणि सवयीने तो नसलेला दोरा दातांनी तोडला.

मॅडम खळखळून हसल्या. "व्हेरी गुड! झाला का हार, ताई?"

"झाला. आजून एखादा शब्द सांगा मॅडम, त्याचा बी ओवते!"

मग काय, भीती पळाली ती पळालीच. मार्चच्या लेखी पेपरात ही आधी बाकाखाली बोटं हलवायची आणि मग पेन उचलायची. जूनमध्ये सायबर कॅफेत निकाल बघून शुभांगी अशी किंचाळली की मालक धावत आला. पास! इंग्रजीसकट पास! 'दहावी कशाला हवी' म्हणणाऱ्यांच्या एकूण एक घरी नवसाबाई स्वतः पेढे घेऊन गेली, आणि पेढा हातावर ठेवताना अशी काही हसली की घेणाऱ्याला तो गोड लागला नसेल.

बालवाडीत शिक्षिका म्हणून रुजू व्हायच्या सकाळी भिमाजी दारात हात मागे बांधून उभा होता. या घरात गड्यांनी फुलं तोडायची, बाजारात न्यायची, ओवायची मात्र बायांनी. त्याने मागून काढला तो हार स्वतः ओवलेला होता. झेंडू वाकडेतिकडे, दोरा कुठे दिसतोय, कुठे गुंतलाय. पण पदकात गुलाब होते.

"ही काय गाठ हाय?" नवसाबाई करवादली, पण डोळे भरून आले होते. "दोन पावलांत सुटंल."

"सुटू दे," भिमाजीने हार तिच्या गळ्यात घातला. "चला, पोरं वाट बघत्यात, बाई."

जन्मभर नवसे म्हणणारा माणूस. नवसाबाईने ती सैल गाठ मुठीत घट्ट धरली आणि तशीच बालवाडीकडे निघाली.